आर्द्रतेचा फायबर सेन्सर सुधारायचाय? आधी लेपाकडे बघा

ऑप्टिकल फायबरमधल्या ब्रॅग ग्रेटिंगवर (काचेच्या धाग्यात कोरलेल्या, एकच ठरावीक तरंगलांबी परत पाठवणाऱ्या बारीक पट्ट्या) मी पहिल्यांदा पॉलिइमाइड या प्लास्टिकचा लेप चढवला, तेव्हा नुसत्या डोळ्यांना तो सुरेख दिसत होता. फिकट पिवळा, चकचकीत, कुठे ओघळ नाही. सूक्ष्मदर्शकाखाली धरला आणि खरं चित्र समोर आलं. दर अर्ध्या मिलिमीटरवर एक फुगीर मणी, दोन मण्यांच्या मध्ये जेमतेम लेप. दोऱ्यात ओवलेली पोतच जणू. आर्द्रता वाढवली की ग्रेटिंगकडून परत येणाऱ्या प्रकाशाचं शिखर सरकायच्या आधी रुंद व्हायचं, कारण जाड मणी काचेला जास्त ताणत होते आणि मधली जागा कमी. मापन-यंत्रात काहीच खोट नव्हती. खोट लेपात होती.

तेव्हापासून माझं मत पक्कं आहे. आर्द्रतेच्या फायबर सेन्सरमध्ये खरा सेन्सर म्हणजे लेप. फायबर फक्त लेपात काय घडतंय ते वाचून दाखवतो. काचेला हवेतल्या ओलाव्याचं जवळजवळ सोयरसुतक नसतं. लेप पाणी शोषतो, फुगतो किंवा त्याचा अपवर्तनांक बदलतो, आणि तो बदल प्रकाशात उमटतो. संवेदनशीलता, वेग, स्थैर्य ही तिन्ही लेपाच्या जाडीवर, सारखेपणावर आणि काचेवरच्या पकडीवर ठरतात. हा लेख त्या लेपाबद्दल आहे. प्रयोगशाळेत किंवा छोट्या कार्यशाळेत स्वतः लेप चढवणाऱ्याला तो हाताशी ठेवता यावा असा प्रयत्न केलाय.

आधी ठरवा: काय हवंय आणि काय सोडणार

संवेदनशीलता वाढवायची म्हणून लेप जाड करत जाणं ही सगळ्यात सर्रास होणारी चूक. पाणी लेपात विसरणाने आत शिरतं, आणि त्याला लागणारा वेळ जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. लेप दुप्पट जाड केला की चौपट वेळ, तिप्पट केला की नऊपट. गोदामातली आर्द्रता दिवसभर नोंदवायची असेल तर दहा मिनिटांचा प्रतिसादही चालतो. श्वास मोजायचा असेल तर सेकंदाच्या आत उत्तर हवं. या दोन्हींसाठी एकच लेप होणार नाही.

म्हणून काम सुरू करण्याआधी चार आकडे कागदावर लिहा: आर्द्रतेची कक्षा, तापमानाची कक्षा, किती सेकंदांत उत्तर हवं आणि किती टक्के चूक चालेल. कागदावर ‘शक्य तितकं चांगलं’ असं लिहिलंत, तर पुढची प्रत्येक निवड अंधारात होईल.

साधा इलेक्ट्रॉनिक सेन्सर पुरत असेल, तर तो वापरणंच शहाणपणाचं. फायबर हवा कुठे? जिथे तीव्र विद्युतचुंबकीय क्षेत्र आहे, स्फोटक वायू आहेत, किरणोत्सर्ग आहे, किंवा एकाच धाग्यावर अनेक ठिकाणी मोजायचंय. सर्न या जिनिव्हाजवळच्या कणभौतिकी प्रयोगशाळेच्या सीएमएस प्रयोगात पॉलिइमाइडचा लेप असलेली ब्रॅग ग्रेटिंग्ज आर्द्रता मोजायला बसवली गेली, ती याच कारणांसाठी.

पहिली पायरी: फायबरची रचना निवडा

नव्याने सुरुवात करणाऱ्याला मी ब्रॅग ग्रेटिंगच सुचवतो. लेप फुगतो, फायबरला लांबीच्या दिशेने ताणतो, परावर्तित तरंगलांबी सरकते. लेपाचा अपवर्तनांक काय आहे याची चिंता नाही, आणि माहिती तरंगलांबीत असल्यामुळे प्रकाशाची तीव्रता कमीजास्त झाली तरी फरक पडत नाही. लोझानच्या पॉलिटेक्निकमधल्या क्रोनेनबर्ग आणि सहकाऱ्यांनी २००२ साली ‘ऑप्टिक्स लेटर्स’मध्ये पॉलिइमाइडच्या वेगवेगळ्या जाडीच्या लेपांवर नेमका हा अभ्यास मांडला. आर्द्रतेला मिळणारा प्रतिसाद सरळ रेषेत असतो हे त्यातून दिसलं.

लाँग पीरियड ग्रेटिंग, म्हणजे पट्ट्यांमधलं अंतर मोठं असलेलं ग्रेटिंग, जास्त संवेदनशील करता येतं. त्यात प्रकाश क्लॅडिंगमध्ये, म्हणजे गाभ्याभोवतीच्या काचेत, येतो, म्हणून लेपाचा अपवर्तनांक थेट जाणवतो. लेपाचा अपवर्तनांक काचेपेक्षा जास्त असेल, तर काही शे नॅनोमीटरच्या एका विशिष्ट जाडीला क्लॅडिंगमधले मोड (प्रकाशाच्या ठरावीक वाटा) एकदम जागा बदलतात, आणि त्या टापूत संवेदनशीलता कमाल असते. पण हे ग्रेटिंग वाकण्यालाही तितकंच हळवं. धारकात सरळ, पक्कं बसवलं नाही तर तुम्ही आर्द्रता नाही, वाक मोजत बसाल. टेपर, म्हणजे ताणून बारीक केलेला फायबर, फार नाजूक असतो. लेप चढवताना निम्मे तुकडे हातातच मोडतात.

फायबरच्या टोकावर पातळ थर देऊन केलेला फॅब्री-पेरो हा तिसरा चांगला मार्ग. त्यात थराच्या दोन पृष्ठांवरून परतणारा प्रकाश एकमेकांत मिसळतो आणि वर्णपटात चढउताराच्या लहरी दिसतात. त्यात एक गोष्ट आधीच तपासा. लेपाचा अपवर्तनांक काचेच्या १.४४ च्या फार जवळ असेल, तर काच आणि लेप यांच्या सीमेवरचा आरसाच पुसला जातो आणि लहरी दिसतच नाहीत. पॉलिइमाइडचा अपवर्तनांक त्याहून बराच वर असल्याने ते इथे चालतं. पॉलिव्हिनाइल अल्कोहोल काचेच्या फार जवळ आहे, म्हणून त्याच्याखाली आधी धातूचा किंवा ऑक्साइडचा अर्धपारदर्शक थर द्यावा लागतो.

जाडी ठरवताना मोठ्या गणिताची गरज नाही. १५५० नॅनोमीटर तरंगलांबी आणि १.५ अपवर्तनांक धरला तर १० मायक्रॉनच्या थराला शिखरांमधलं अंतर सुमारे ८० नॅनोमीटर येतं, ३० मायक्रॉनच्या थराला सुमारे २७. तुमच्या स्रोताची पट्टी ४० नॅनोमीटरचीच असेल, तर पहिल्या थरात एक पूर्ण लहरसुद्धा दिसणार नाही. फक्त तीव्रता मोजायची असेल तर थर नॅनोमीटरमध्ये ठेवा. कमाल आणि किमान परावर्तन यांत सुमारे २६० नॅनोमीटर जाडीचा फरक असतो, आणि त्यांच्या बरोबर मध्ये उतार सगळ्यात तीव्र असतो. थर वाढवताना परावर्तित प्रकाश बघत राहा आणि त्या उतारावर थांबा.

दुसरी पायरी: लेपाचा पदार्थ

ब्रॅग ग्रेटिंगसाठी पॉलिइमाइड. ते काचेला नीट धरतं, उष्णता सोसतं, आणि त्याचा हिस्टेरिसिस, म्हणजे चढत्या आणि उतरत्या आर्द्रतेतल्या वाचनांमधला फरक, कमी असतो. संवेदनशीलता मात्र माफक. नेहमीच्या जाडीला दर टक्का सापेक्ष आर्द्रतेमागे एक ते काही पिकोमीटर इतकीच सरक मिळते.

पॉलिव्हिनाइल अल्कोहोल, जिलेटिन, अगारोज, कायटोसान हे पाणी भरभरून घेतात, त्यामुळे संकेत मोठा मिळतो. किंमत आर्द्रतेच्या वरच्या टोकाला मोजावी लागते. ९० टक्क्यांच्या पुढे लेप मऊ पडतो, कधी सरकतो, थेंब साठला तर विरघळतोही. पॉलिव्हिनाइल अल्कोहोल वापरायचंच असेल, तर ते ग्लुटारल्डिहाइडने किंवा उष्णता देऊन आतून बांधून घ्या. असं क्रॉसलिंक केलेलं पॉलिव्हिनाइल अल्कोहोल थोडं कमी फुगतं, पण टिकतं. कायटोसान विरळ अ‍ॅसिटिक आम्लात विरघळतं, आणि वाळल्यावर ते आम्ल लेपात राहिलं तर सुरुवातीचे काही दिवस वाचन सरकत राहतं. असा लेप दोनतीनदा ओला-कोरडा करून मगच कॅलिब्रेशनला घ्या.

धातूंचे ऑक्साइड आणि ग्राफीन ऑक्साइड पातळ थरात वेगवान असतात. मात्र ग्राफीन ऑक्साइडचा थेंब टाकून वाळवलेला थर कडेला जाड आणि मध्ये विरळ होतो. टेबलावर चहाचा थेंब वाळला की कडा गडद दिसते, तोच प्रकार. एका मोठ्या थेंबाऐवजी विरळ द्रावणाचे अनेक थर द्या.

तिसरी पायरी: फायबर बारीक करण्याचा विचार करा

हा मुद्दा बरेच जण वगळतात, म्हणून तो सावकाश मांडतो.

ब्रॅग ग्रेटिंगमध्ये लेप काचेला ताणतो, तेव्हा ती रस्सीखेच असते. काचेचा ताठरपणा सुमारे ७२ गिगापास्कल, पॉलिइमाइडचा सुमारे ३. म्हणजे काच कितीतरी पटींनी हट्टी. अशा वेळी ताण किती पोचतो हे मुख्यतः लेपाचं छेदक्षेत्र आणि काचेचं छेदक्षेत्र यांच्या गुणोत्तरावर ठरतं.

१२५ मायक्रॉनच्या फायबरवर २० मायक्रॉनचा लेप दिला तर हे गुणोत्तर सुमारे ०.७४ येतं. आता फायबर ६० मायक्रॉनचा घ्या आणि त्यावर १० मायक्रॉनचाच लेप द्या. गुणोत्तर सुमारे ०.७८. म्हणजे संवेदनशीलता तीच, किंचित जास्तच. पण लेप निम्मा झाला, म्हणून पाणी आत शिरायचा वेळ चौथा हिस्सा. जाडी वाढवून संवेदनशीलता मिळवण्यापेक्षा फायबर बारीक करून मिळवणं केव्हाही चांगलं.

हायड्रोफ्लोरिक आम्लाने क्लॅडिंग खरवडून हे करता येतं, पण त्या आम्लाचा अनुभव आणि सोय नसेल तर त्या वाटेला जाऊ नका. ते त्वचेतून आत शिरतं, विरळ असेल तर वेदना कित्येक तासांनी सुरू होते, आणि तोवर नुकसान झालेलं असतं. काम फ्यूम हूडमध्ये (वाफा ओढून घेणाऱ्या कपाटात), योग्य हातमोजे घालून, कॅल्शियम ग्लुकोनेटचं जेल हाताशी ठेवून आणि सोबत माणूस असतानाच करायचं. भांडं प्लास्टिकचं, काचेचं कधीच नाही.

माझा सल्ला सोपा आहे. ८० मायक्रॉन क्लॅडिंगचा फायबर तयार मिळतो. त्यावर सुमारे १३ मायक्रॉनचा लेप १२५ वरच्या २० मायक्रॉनइतकंच काम करतो, आणि वेळ निम्म्याहून कमी लागतो. आम्लाला हातही लावावा लागत नाही.

चौथी पायरी: सफाई आणि पकड

लेप निघून येतो तो बहुतेक वेळा इथल्या आळसामुळे. ग्रेटिंगच्या दोन्ही बाजूंना साधारण एक-एक सेंटीमीटर जास्त असं मूळचं अ‍ॅक्रिलेट आवरण काढा. फायबर स्ट्रिपरने ओरखडा पडू शकतो, आणि ओरखडा पडलेली काच पुढे कुठल्याही वाकेला मोडते. अ‍ॅसिटोनमध्ये भिजवून आवरण मऊ करून ओढलं तर धोका कमी. मग आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या, धागे न सुटणाऱ्या कागदाने एकाच दिशेने पुसा. पुसताना ‘चर्र’ असा बारीक आवाज आला की काच स्वच्छ झाली, ही स्प्लायसिंग करणाऱ्यांची, म्हणजे फायबर जोडणाऱ्यांची, जुनी खूण इथेही उपयोगी आहे.

त्यानंतर काही मिनिटं ऑक्सिजन प्लाझ्मा मिळाला तर उत्तम. त्याने काचेवर हायड्रॉक्सिल गट उघडे पडतात. लगेच अमिनोसिलेनच्या अगदी विरळ द्रावणात बुडवा, धुवा, सुमारे १०० अंशांवर वाळवा. सिलेनचं एक टोक काचेला धरतं, दुसरं पॉलिइमाइडला. इथे ‘जास्त म्हणजे चांगलं’ हा हिशेब उलटा पडतो. सिलेनचा जाड थर स्वतःच ठिसूळ असतो आणि लेप त्याच्यासकट सुटतो. सफाई आणि पहिली बुडवणी यांत एका तासाहून जास्त अंतर ठेवू नका.

पाचवी पायरी: बुडवून लेप चढवणं

आता त्या मण्यांकडे येऊ. बारीक दांड्यावरचा द्रव पृष्ठताणामुळे थेंबांत तुटू पाहतो. कोळ्याच्या जाळ्यावर दव मण्यांसारखं दिसतं तेही याच कारणाने. १२५ मायक्रॉनच्या फायबरवर पातळ थर असेल तर मण्यांमधलं अंतर सिद्धांतानुसार सुमारे ०.५५ मिलिमीटर येतं. माझ्या पहिल्या लेपात मोजलेलं अंतर जवळपास तेवढंच होतं.

ते टाळायचं कसं? मणी वाढायचा वेग थराच्या जाडीच्या घनाप्रमाणे बदलतो. ओला थर निम्मा केला की मणी पडायला आठपट वेळ लागतो. तेवढ्या वेळात द्रावक उडून थर घट्ट होतो आणि मणी पडायचं राहून जातं. पातळ थर अनेकदा चढवणं हाच खरा उपाय आहे. एकदाच जाड थर देऊन वेळ वाचवायला गेलात तर लेप हमखास बिघडतो.

ओल्या थराची जाडी आधी काढता येते. श्यानता (द्रवाचा दाटपणा) गुणिले वर ओढण्याचा वेग भागिले पृष्ठताण, असा एक परिमाणरहित अंक काढा. त्याचा दोन तृतीयांश घात घ्या, त्याला फायबरच्या त्रिज्येने आणि १.३४ ने गुणा. उदाहरण घेऊ. पॉलिअमिक आम्लाचं द्रावण (भाजल्यावर याचंच पॉलिइमाइड होतं), श्यानता १ पास्कल-सेकंद, वेग सेकंदाला १ मिलिमीटर, पृष्ठताण ०.०४ न्यूटन प्रति मीटर. अंक येतो ०.०२५, त्याचा दोन तृतीयांश घात सुमारे ०.०८५. ६२.५ मायक्रॉन त्रिज्येने आणि १.३४ ने गुणल्यावर ओला थर सुमारे ७ मायक्रॉन. द्रावणात घन भाग १५ टक्क्यांच्या आसपास असेल, तर वाळल्यावर साधारण १ मायक्रॉन उरतो. म्हणजे १० मायक्रॉनसाठी दहाच्या आसपास बुडवण्या. वेग आठपट केला तर थर चौपट होतो, पण मग मण्यांशी पुन्हा गाठ आहे. हे सूत्र त्या अंकाची किंमत लहान असेपर्यंतच खरं असतं, म्हणून वेग फार वाढवून त्यावर विसंबू नका.

प्रत्यक्ष कृती अशी.

१. द्रावण थंडीत साठवलेलं असतं. बाटली बंद ठेवूनच खोलीच्या तापमानाला येऊ द्या, मग उघडा. थंड बाटली उघडली की हवेतलं पाणी आत जमतं, आणि पॉलिअमिक आम्ल त्या पाण्याने हळूहळू तुटतं.

२. द्रावणातले बुडबुडे जाऊ द्या. हलवल्यावर किमान काही तास स्थिर ठेवा. फायबरला चिकटलेला एक बुडबुडा सगळा लेप वाया घालवतो.

३. द्रावण एका बारीक नळीत किंवा केशनलिकेत भरा, फायबर तिच्यातून उभा जाऊ द्या, खाली हलकं वजन लावा. हाताने ओढू नका. स्टेपर मोटरवर सरकणारा साधा मंच पुरे, पण वेग एकसारखा हवा. मोटर जिथे अडखळते तिथे लेपावर कडं उमटतं.

४. ग्रेटिंगच्या आधी थांबू नका आणि नंतर लगेचही थांबू नका. थांबण्याच्या जागा ग्रेटिंगपासून दूर हव्यात.

५. प्रत्येक थरानंतर फायबर उभाच ठेवून ९० ते १२० अंशांवर काही मिनिटं वाळवा. पुढच्या बुडवणीला फायबर उलटा करा, म्हणजे वरचं टोक खाली. गुरुत्वाने खालच्या बाजूला जमलेली जादा जाडी अशीच भरून निघते.

६. दर तीन थरांनंतर सूक्ष्मदर्शकाखाली ग्रेटिंगच्या लांबीत पाच ठिकाणी व्यास मोजा आणि वहीत लिहा. पाच आकड्यांत दहा टक्क्यांहून जास्त फरक आला तर पुढे जाऊ नका, तो तुकडा बाजूला ठेवा.

द्रावक बहुतेक वेळा एन-मिथाइल पायरोलिडोन असतो. तो त्वचेतून शरीरात जातो आणि गर्भाला घातक आहे. फ्यूम हूड आणि हातमोजे इथेही सक्तीचे.

थरावर थर: नॅनोमीटरमध्ये काम असेल तेव्हा

लाँग पीरियड ग्रेटिंग किंवा टोकावरच्या फॅब्री-पेरोसाठी बुडवणीचा लेप फार जाड होतो. तिथे विद्युतभारावर चालणारी थरावर-थर पद्धत वापरा. गेरो डेखर यांच्या १९९० च्या दशकातल्या कामाने ती रूढ झाली. पाण्यात काच ऋणभारित असते. तिला आधी धनभारित बहुवारिकात (पॉलिमरमध्ये) बुडवायचं, शुद्ध पाण्यात धुवायचं, मग ऋणभारित बहुवारिकात, पुन्हा धुवायचं. अशी एक जोडी झाली की काही नॅनोमीटरचा थर चढतो.

इथे दोनच गोष्टी काम बिघडवतात. एक, सामू, म्हणजे पीएच. दुर्बल बहुवारिकांत, उदाहरणार्थ पॉलिअ‍ॅक्रिलिक आम्लात, सामू अर्ध्याने सरकला तरी प्रत्येक थराची जाडी बदलते, म्हणून रोज मोजा. दुसरी, अपुरी धुलाई. धुण्याचं पाणी दर काही जोड्यांनंतर बदला, नाहीतर दोन द्रावणं पाण्यातच एकमेकांना धरून गाळ होतो आणि तो काचेवर बसतो. पन्नास जोड्या हाताने करणं अशक्य नाही, पण चाळिसाव्या जोडीला कुठलं भांडं झालं आणि कुठलं राहिलं हे विसरायला होतं. कागदावर खुणा करत जा.

सहावी पायरी: भाजणं

पॉलिअमिक आम्लाचं पॉलिइमाइड होतं ते उष्णतेने. टप्प्याटप्प्याने चढा: १००, १५०, २००, मग २५० ते ३०० अंश, प्रत्येक ठिकाणी अर्धा ते एक तास, मिनिटाला दोनतीन अंशांच्या गतीने. घाई केली तर आत अडकलेला द्रावक बुडबुडे काढतो. २०० च्या पुढे भट्टीत हवेऐवजी नायट्रोजन ठेवा.

इथे दोन खड्डे आहेत. अतिनील किरणांनी लिहिलेलं साधं ग्रेटिंग ३०० अंशांना अंशतः पुसलं जातं, विशेषतः हायड्रोजन भरलेल्या फायबरमधलं. म्हणून लेप देण्याआधीच ग्रेटिंग उष्णता देऊन स्थिर करून घ्या आणि त्यातून परावर्तन किती उरतं ते बघा. नाहीतर फेमटोसेकंद लेसरने लिहिलेलं ग्रेटिंग वापरा. दुसरा खड्डा उरलेल्या फायबरचं अ‍ॅक्रिलेट. ते इतकी उष्णता सोसत नाही, करपतं. त्यामुळे अख्खं भेंडोळं ओव्हनमध्ये न घालता फक्त लेपाचा भाग छोट्या नळी-भट्टीत तापवा. ते जमत नसेल तर कमी तापमानाला जास्त वेळ द्या. १८० ते २०० अंशांवर अपुरं भाजलेलं पॉलिइमाइड चालतं, पण त्याचं वाचन काही आठवडे सरकतं हे गृहीत धरा.

सातवी पायरी: बसवणं

ब्रॅग ग्रेटिंगमध्ये लेपाचा भाग मोकळा लटकला पाहिजे. दोन्ही टोकं चिकटवलीत की धारकाचं प्रसरण थेट ग्रेटिंगला ताणतं, आणि ते आर्द्रतेच्या संकेतापेक्षा कितीतरी मोठं असतं. एकच टोक चिकटवा, आणि तेही लेपापासून दूर, कारण चिकट गोंदही पाणी शोषतो. बाहेर छिद्रांची धातूची नळी, तिच्यावर धूळ आणि थेंब अडवणारा पीटीएफईचा (टेफ्लॉनचा) पातळ पडदा. पडद्यामुळे प्रतिसाद थोडा मंदावतो, म्हणून वेग पडद्यासकटच मोजा.

तापमानाची भरपाई ऐच्छिक नाही. १५५० नॅनोमीटरला उघडं ग्रेटिंग दर अंशाला सुमारे १० पिकोमीटर सरकतं. तुमचा लेप दर टक्क्याला २ पिकोमीटर देत असेल तर एका अंशाची चूक म्हणजे पाच टक्के आर्द्रता. त्याच फायबरवर वेगळ्या तरंगलांबीचं, लेप नसलेलं दुसरं ग्रेटिंग शेजारीच ठेवा. पण दोन्हींची सरक नुसती वजा करू नका. लेपही उष्णतेने पसरतो, म्हणून लेपाच्या ग्रेटिंगचा तापमान-गुणांक जास्त असतो. तो कोरड्या हवेत वेगळा मोजून घ्यायचा.

आठवी पायरी: मिठांच्या बरण्या

कॅलिब्रेशनसाठी महागडा कक्ष नसला तरी चालतं. बंद बरणीत संपृक्त मिठाचं द्रावण ठेवलं की वरच्या हवेची आर्द्रता ठरावीक राहते. २५ अंशांना लिथियम क्लोराइड ११.३ टक्के, मॅग्नेशियम क्लोराइड ३२.८, मॅग्नेशियम नायट्रेट ५२.९, खायचं मीठ म्हणजे सोडियम क्लोराइड ७५.३, पोटॅशियम क्लोराइड ८४.३ आणि पोटॅशियम सल्फेट ९७.३.

बरणीत पातळ द्रावण नको, ओल्या वाळूसारखा लगदा हवा. न विरघळलेलं मीठ दिसलंच पाहिजे. तापमान स्थिर ठेवा, कारण २५ अंशांच्या आसपास एका अंशाने संपृक्त बाष्पदाब सुमारे सहा टक्के बदलतो. बरणीचा वरचा भाग खालच्यापेक्षा एक अंशाने गरम असेल, तर सेन्सरपाशी ७५ ऐवजी ७१ च्या जवळपासची आर्द्रता असते आणि तुम्ही दोष लेपाला देता. बरणी पाण्याच्या टबात ठेवणं हा साधा उपाय.

पहिल्या दोनतीन फेऱ्या नोंदवू नका. नवा लेप त्या फेऱ्यांत बसतो. मग ११ पासून ९७ पर्यंत चढा, त्याच पायऱ्यांनी उतरा, प्रत्येक ठिकाणी तरंगलांबी हलायची थांबेपर्यंत थांबा. एकाच आर्द्रतेला चढतानाचं आणि उतरतानाचं वाचन यांत जो फरक येतो तो टक्क्यांत मांडा. तीन तापमानांना हे सगळं पुन्हा करा. वेग मोजायला सेन्सर ३३ च्या बरणीतून झटकन ७५ च्या बरणीत घाला, नंतर उलटं. दोन्ही दिशांचे वेळ वेगळे लिहा, कारण सुकायला बहुतेक वेळा जास्त वेळ लागतो.

बिघाड ओळखण्याच्या खुणा

शिखर सरकताना रुंद होत असेल किंवा दुभंगत असेल तर लेप असमान आहे. सूक्ष्मदर्शकाखाली मणी शोधा. संवेदनशीलता हिशेबाच्या निम्मीच येत असेल तर पकड सुटली आहे, लेप काचेवरून घसरतोय. हिस्टेरिसिस फक्त ८५ च्या पुढे मोठा असेल तर लेपाच्या छिद्रांत पाणी साठतंय. कमी सच्छिद्र पदार्थ घ्या किंवा वरची मर्यादा ८५ लाच ठेवा. वाचन दिवसेंदिवस एकाच दिशेने सरकत असेल तर भाजणं अपुरं राहिलंय किंवा गोंद अजून पाणी घेतोय. कोणता ते कळायला गोंदाची जागा बदलून एक जुळा सेन्सर बनवा.

वापरात असलेला सेन्सर दर महिन्याला मॅग्नेशियम क्लोराइडच्या आणि सोडियम क्लोराइडच्या बरणीत घालून बघा. दोन्ही वाचनं सारख्याच अंतराने सरकली असतील तर फक्त शून्य सरकलंय, ते दुरुस्त करून पुढे चला. दोन वाचनांमधलं अंतरच बदललं असेल तर लेप थकलाय. तिथे आकडेमोड करून सेन्सर वाचवत बसू नका, नवा तुकडा घ्या आणि सफाईपासून सुरू करा.